वेताळ टेकडी
वेताळ टेकडी : पुणे शहरातील सर्वांत उंच टेकडी. समुद्रसपाटीपासून उंची सुमारे 800 मी. माथ्यावरच्या वेताळाच्या देवळावरून हे नाव पडले. पायथ्याशी पाषाण-पंचवटी, गोखलेनगर, विधी महाविद्यालय रस्ता आणि कोथरूड या वस्त्या आहेत. विधी महाविद्यालयाची टेकडी आणि एआरएआय टेकडी ही तिच्याच बाजूंची नावे, डोंगर एकच.

खडक काळा बेसाल्ट, त्यावर मातीचा थर पातळ. त्यामुळे इथे गवत आणि विरळ झाडी हीच मूळची वनश्री. सालईची साल कागदासारखी पापुद्र्यांनी सुटते. गणेर उन्हाळ्याच्या तोंडावर पानांवाचून पिवळ्याधमक फुलांनी भरतो. जुन्या दगडखाणीत पाणी साठते, तिथे पक्षी येतात. मोरांचा वावर आहे. पावसाळ्याच्या आरंभी नवरंगाची शीळ ऐकू येते. खडकाच्या भेगांतून पावसाचे पाणी मुरते आणि पायथ्याच्या भूजलाला मिळते.

या टेकडीचे खरे राखणदार म्हणजे तिथे रोज फिरायला येणारे लोक. पहाटे चढणाऱ्यांत निवृत्त मंडळी असतात, धावपटू असतात, पक्षिनिरीक्षकही असतात. उन्हाळ्यात पाण्याचे कॅन वर वाहून रोपे जगवणे, कचरा वेचणे, गवताला वणवा लागला तर ओल्या फांद्यांनी झोडपून तो विझवणे, ही कामे त्यांनी आपणहून अंगावर घेतली आहेत.

बालभारती ते पौड फाटा हा टेकडीच्या उतारावरून जाणारा, सुमारे दोन किलोमीटरचा रस्ता हा महापालिकेचा जुना प्रस्ताव. विधी महाविद्यालय रस्त्यावरची कोंडी सुटेल, ही त्यामागची भूमिका. नागरिकांनी त्याला न्यायालयातही आव्हान दिले. पुढे हा रस्ता आणि टेकडीच्या पोटातून जाणारे बोगदे यांचा विषय पुन्हा ऐरणीवर आला, तेव्हा ‘वेताळ टेकडी बचाव कृती समिती’ने विरोध संघटित केला. एप्रिल 2023 मध्ये हजारो पुणेकर मोर्चात चालले. त्यांत लहान मुलांना घेऊन आलेली कुटुंबे होती. झाडे तुटतील ही तक्रार होतीच. रस्त्याने अधिवासाचे तुकडे पडतील आणि पाणी मुरण्याची जागा सिमेंटखाली जाईल, हा आक्षेप मात्र अधिक मूलगामी होता. दोन किलोमीटरच्या सोयीसाठी ही किंमत फार मोठी आहे.

टेकडीप्रेमींतही एक मतभेद आहे, आणि तो महत्त्वाचा आहे. पूर्वी वनीकरणात गिरिपुष्प (ग्लिरिसिडिया) मोठ्या प्रमाणावर लावले गेले. बाहेरून आणलेले हे झाड झपाट्याने वाढते. पण त्याच्या दाट सावलीत मूळचे गवत टिकत नाही आणि गवतात घरटी करणारे पक्षी जागा सोडतात. हौशी वृक्षारोपणातही हाच धोका असतो. जिंतूरच्या डोंगरउतारांपासून सोलापूरच्या माळांपर्यंत दख्खनच्या कोरड्या भागात उघड्या गवताळ जमिनीला ‘पडीक’ समजण्याची सवय आहे. ती इथेही दिसते. अभ्यासकांचे म्हणणे असे की, गवताचे पट्टे मोकळेच ठेवावेत आणि झाडे लावायचीच असली तर सालई, पळस, खैर यांसारखी, तीही जिथे मुळात होती तिथेच. खड्डे खणणारे सगळेच अजून या मताचे नाहीत. ते पटवून देण्याचे काम अभ्यासक टेकडीवर निसर्गफेऱ्या काढून करत आहेत.