रुपयामागे एक आणा

१८८४ साली नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईच्या गिरणी कामगारांच्या वतीने जो अर्ज सिद्ध केला, त्यावर सुमारे ५,५०० सह्या होत्या. रविवारची सुट्टी, दुपारी अर्धा तास विसावा, महिन्याचा पगार पुढील महिन्याच्या पंधरा तारखेच्या आत, अपघातात कायमच्या पंगू झालेल्याच्या पोटाची तरतूद, असे बरेच काही त्यात मागितले होते. म्हातारपणासाठी मात्र काहीच नाही. आम्ही तो अर्ज प्रथम वाचला तेव्हा हे चमत्कारिक वाटले.

परंतु त्या काळचा कामगार म्हणजे कोकणातला किंवा घाटावरचा शेतकरीच. हात थकले की तो गावी जाई आणि भावकीच्या तुकड्यावर उरलेले दिवस काढी. गिरणीच्या नफ्याचे पेन्शन कोकणातली भातखाचरे देत होती, असे म्हणण्यास हरकत नाही! ज्याला तुकडाही नव्हता, त्याचे काय झाले हे कोणी लिहून ठेवलेले नाही.

१९५२ साली प्रॉव्हिडंट फंडाचा कायदा झाला. आरंभी तो सहा उद्योगांना लागू होता, त्यांत कापडधंदा होता. रुपयामागे एक आणा कामगाराचा, तेवढाच मालकाचा. १९७२ साली ग्रॅच्युइटी आली. नोकरीच्या प्रत्येक वर्षामागे पंधरा दिवसांचा पगार. दोन्ही रकमा एकदमच हाती पडणाऱ्या. मग मुलीचे लग्न करावे, गावच्या घरावर कौले घालावीत, की धंदा मांडावा?

१८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले. पुढे ज्यांना परत घेतले नाही, त्यांतले कित्येक भाजी विकू लागले. नंतर गिरण्या बंद पडू लागल्या तेव्हा आम्ही चळवळीत होतो. एका साचेवाल्याने विचारले, "भाऊ, रक्कम मिळते आहे, गाडी लावू काय?" आम्ही रकमेचा चोख हिशेब मांडून दिला. गाडीचा हिशेब आम्हांला येत नव्हता. तीस वर्षे माग चालवलेल्या त्या माणसाला उधारी वसूल करणे जमले नाही. युनियनने पगार, बोनस, महागाई भत्ता यांसाठी जिवाचे रान केले. हा प्रश्न आम्ही बैठकीत कधी घेतलाच नव्हता.

नोव्हेंबर १९९५ मध्ये पेन्शन योजना आली. दहा वर्षांची नोकरी हवी. पूर्ण पेन्शन ५८व्या वर्षी, पन्नाशीनंतर आधी घेतल्यास कापून. पंचेचाळिशीत घरी बसलेल्याने मधली तेरा वर्षे टपरीवर काढली. २०१४ साली किमान पेन्शन दरमहा हजार रुपये ठरले, तेव्हाही आमच्या ओळखीचे काही जण टपरीवरच बसत होते.