परदेशात मुलांकडे गेल्यावर आजारपण आलं आणि मुदत संपत आली, तर काय करायचं?

विशेष माहिती

आपल्या भागातली बरीच पोरं आता अमेरिका, कॅनडा, इंग्लंड, ऑस्ट्रेलियात नोकरीला आहेत. सुनेच्या किंवा लेकीच्या बाळंतपणाला, नातवंडं बघायला गावाकडचे आई-वडील पर्यटक व्हिसावर तिकडं जातात. जाणारे बहुतेक साठी ओलांडलेले असतात. बीपी, शुगर, गुडघेदुखी सोबत असतेच. तिथं बाथरूममध्ये पाय घसरून खुब्याचं हाड मोडलं, लकव्याचा झटका आला किंवा हृदयाचं ऑपरेशन करावं लागलं, की परतीचं तिकीट राहतं बाजूला आणि मुदत संपत येते.

अशा वेळी घरात दोन प्रकारची चूक होते. काहीजण घाबरून आजारी माणसाला विमानात बसवायला निघतात. काहीजण म्हणतात, "दवाखान्यात आहेत म्हटल्यावर कोण विचारतंय?" दोन्ही बरोबर नाही. आजारपण हे कारण बऱ्याच देशांत ऐकून घेतलं जातं, पण ते मुदतीच्या आत, लेखी आणि कागद जोडून सांगावं लागतं. आजारी आहे म्हणून मुदत आपोआप वाढत नाही. आपल्याकडं तहसीलच्या नोटिशीला मुदतीत म्हणणं दिलं तर ते विचारात घेतात, तसंच हे आहे.

व्हिसावरची तारीख वेगळी, राहायची तारीख वेगळी

आपल्याकडून सगळ्यात जास्त लोक अमेरिकेला जातात, म्हणून तिथलं आधी नीट समजून घेऊ.

अमेरिकेचा बी-२ व्हिसा बहुतेकांना १० वर्षांचा मिळतो. पण म्हणून १० वर्षं तिथं राहता येत नाही. व्हिसा ही दारापर्यंत जायची परवानगी आहे. आत किती दिवस राहायचं हे विमानतळावरचा अधिकारी ठरवतो आणि ती तारीख आय-९४ या नोंदीत असते. साधारण सहा महिने मिळतात. ही नोंद तिथल्या सीमा विभागाच्या सरकारी वेबसाइटवर पासपोर्ट नंबर टाकून फुकट बघता येते. पोहोचल्यावर पहिल्याच आठवड्यात ती काढून मोबाईलमध्ये ठेवा आणि तारीख कॅलेंडरवर लिहा.

मुदत वाढवायचा अर्ज

अमेरिकेत मुदत वाढवायला आय-५३९ नावाचा फॉर्म आहे. आय-९४ ची तारीख संपायच्या आत तो पोहोचला पाहिजे. तारखेच्या किमान ४५ दिवस आधी अर्ज करा, असं तिथलं खातं सांगतं.

समजा वडील ५ मार्चला पोहोचले आणि आय-९४ वर ४ सप्टेंबर तारीख आहे. तर २१ जुलैच्या आसपास अर्ज गेलेला बरा. झटका ऑगस्टच्या शेवटी आला, तरी ४ सप्टेंबरच्या आत अर्ज करता येतो. ४५ दिवस उलटले म्हणून हात झाडून बसू नका.

१ एप्रिल २०२४ पासून या अर्जाची फी ऑनलाइन ४२० डॉलर आणि कागदी ४७० डॉलर आहे. भरण्याआधी सरकारी साइटवर पुन्हा बघून घ्या. एका वेळी साधारण सहा महिन्यांपर्यंत वाढ मागता येते. आजारी माणसाजवळ थांबणाऱ्या जोडीदाराचीही मुदत वाढवावी लागते, हे लोक विसरतात. आय-५३९ए या पुरवणी फॉर्मवर त्यांचं नाव त्याच अर्जात घालता येतं.

अर्ज वेळेत गेला असेल आणि निकाल यायच्या आत जुनी तारीख संपली, तर निकाल येईपर्यंतचे दिवस बेकायदा मुक्कामात धरले जात नाहीत. अर्ज नामंजूर झाला तर मात्र दुसऱ्या दिवसापासून मोजणी सुरू होते, म्हणून लगेच निघायची तयारी ठेवावी. निकालाआधीच बरं वाटलं तर घरी परत येता येतं. अर्जाची पोच पावती जपून ठेवा.

सोबत कोणते कागद जोडायचे

- डॉक्टरांचं पत्र: आजार काय, उपचार कधीपासून, आणखी किती दिवस लागतील, विमानप्रवास का करता येत नाही. नुसतं "आजारी आहेत" एवढं लिहिलेलं पुरत नाही.
- दवाखान्यात दाखल झाल्याचे आणि सुट्टी झाल्याचे कागद.
- राहण्या-खाण्याचा आणि उपचाराचा खर्च कोण करणार, त्याचं पत्र आणि बँकेचं स्टेटमेंट.
- परत जाणार याचा पुरावा: परतीचं तिकीट, सातबारा, घराचा उतारा, पेन्शनचे कागद. मराठी कागदाचं पूर्ण इंग्रजी भाषांतर आणि भाषांतर करणाऱ्याचं सहीचं प्रमाणपत्र लागतं.
- पासपोर्टची मुदत. ती संपत आली असेल तर तिथल्या भारतीय दूतावासाच्या कक्षेतून आधी नूतनीकरण करून घ्या.

तारीख उलटून गेली असेल तर

माणूस आयसीयूत असताना कागदाकडं कोण बघणार? अमेरिकेच्या नियमात याची सोय आहे. आपल्या हाताबाहेरच्या असाधारण कारणाने उशीर झाला आणि तो कारणाच्या मानाने वाजवी असेल, तर अधिकारी उशीर माफ करू शकतो. पण हा त्याचा अधिकार आहे, आपला हक्क नाही. बेशुद्ध होते तेवढे दिवस चालतात. घरी येऊन दोन महिने झाले तरी अर्ज केला नाही, तर ते पटवून देणं अवघड जातं.

अर्जच केला नाही तर परिणाम असे:

- एक दिवस जरी जास्त झाला तरी तो व्हिसा रद्द धरला जातो. १० वर्षांचा असला तरी नवीन काढावा लागतो.
- १८० दिवसांपेक्षा जास्त, पण एक वर्षाच्या आत मुक्काम होऊन स्वतःहून निघालात, तर ३ वर्षं प्रवेशबंदी.
- एक वर्ष किंवा जास्त झालं, तर १० वर्षं प्रवेशबंदी.

सत्तरीच्या माणसाला १० वर्षांची बंदी म्हणजे नातवंडांच्या घरी पुन्हा जाणं जवळजवळ संपलंच. त्यामुळं तारीख गेली असेल तर फेसबुकवर विचारत बसू नका, तिथल्या इमिग्रेशन वकिलाला गाठा.

इतर देशांत काय आहे

कॅनडा: मुक्काम साधारण सहा महिने. वाढीचा अर्ज मुदतीच्या आत करायचा. मुदत गेली तर ९० दिवसांत दर्जा परत मिळवायचा अर्ज करता येतो. वारंवार जाणाऱ्यांसाठी सुपर व्हिसा आहे, त्यावर एका वेळी ५ वर्षांपर्यंत राहता येतं.

इंग्लंड: भेटीचा मुक्काम सहा महिने. स्वतःच्या खर्चाने खाजगी उपचार चालू असतील तर आणखी मुदत मागता येते. मुदत संपली आणि उशिराला दवाखान्यासारखं सबळ कारण असेल, तर १४ दिवसांच्या आत केलेला अर्ज विचारात घेतात.

युरोप: शेंगेन व्हिसावर कोणत्याही १८० दिवसांत ९० दिवस. गंभीर आजारामुळं निघता येत नसेल तर तिथल्या स्थानिक परदेशी नागरिक कार्यालयात वाढ मागता येते. मुदतीच्या आत जावं लागतं.

ऑस्ट्रेलिया: व्हिसावर ८५०३ ही अट आहे का बघा. ती असेल तर तिथं राहून पुढचा व्हिसा मागता येत नाही. गंभीर कारण दाखवून अट उठवायचा वेगळा अर्ज असतो. मुदतीपेक्षा २८ दिवसांहून जास्त राहिलं तर ३ वर्षं अडचण येते.

दुबई: जास्तीच्या प्रत्येक दिवसाला ५० दिरहम दंड.

परतीच्या विमानाचं

ऑपरेशननंतर विमान कंपनी डॉक्टरांचा 'प्रवासास योग्य' असा दाखला आणि स्वतःचा वैद्यकीय फॉर्म मागते. व्हीलचेअर सांगितली की मिळते, वेगळे पैसे लागत नाहीत. स्ट्रेचरवर आणायचं असेल तर अनेक सीटचे पैसे पडतात. तिकीट काढायच्या आधी कंपनीशी बोला.

निघण्याआधी गावातच करा

१. प्रवास विमा काढाच. पर्यटकाला अमेरिकेत सरकारी आरोग्य विमा मिळत नाही. इमर्जन्सीत दवाखाना आधी उपचार करतो, पण बिल मागून येतंच.
२. आधीपासून असलेला आजार पॉलिसीत धरलाय का, हे विचारा. बऱ्याच पॉलिसीत तो धरत नाहीत. मुक्काम वाढला तर विम्याची मुदतही वाढवा.
३. जुने रिपोर्ट आणि औषधांची चिठ्ठी इंग्रजीत, औषधाच्या मूळ नावासह घ्या.
४. मुदतीच्या तारखेच्या तीन-चार आठवडे आधीचं परतीचं तिकीट काढा. शेवटच्या दिवसाचं काढलं आणि आदल्या रात्री ताप आला, तर अर्ज करायलाही वेळ उरत नाही.

परत आल्यावर दवाखान्याचे कागद, वाढीचा अर्ज आणि मंजुरी एका फाईलमध्ये ठेवा. पुढच्या वेळी मुंबईच्या वकिलातीत किंवा तिथल्या विमानतळावर "मागच्या वेळी जास्त दिवस का राहिलात?" असं विचारलं, तर ती फाईल पुढं करायची.

(ही सर्वसाधारण माहिती आहे. नियम आणि फी बदलतात. अर्जाआधी त्या देशाची सरकारी वेबसाइट बघावी. ज्यांचे आई-वडील परदेशात जाणार आहेत, त्यांना ही माहिती जरूर पाठवा.)