आज मामा ‘नाही’ म्हणणार नाही

मोबाइल घरीच ठेवा. आज 19 मे 1996, रविवार. तुम्ही ज्या नाहूरमध्ये उतरला आहात तिथे त्याचा काही उपयोग नाही. पहाटेचे साडेपाच वाजलेत. आज तुम्ही मामा आहात. उन्हाळ्याच्या सुट्टीत ताई दोन्ही मुलांना घेऊन कोरेगावहून एसटीने तुमच्याकडे आली आहे. आत ती आणि तुमची बायको पोळ्या लाटतायत, बटाट्याची सुकी भाजी डब्यात पडली आहे. सात वर्षांचा भाचा बूट घालून कधीचा उंबऱ्यावर बसलाय. चार वर्षांच्या भाचीला झोपेतच फ्रॉक चढवावा लागतो.

जायचंय एस्सेल वर्ल्डला. टीव्हीवरच्या जाहिरातीचं गाणं भाच्याला तोंडपाठ आहे. 1989 मध्ये सुभाषचंद्र यांच्या एस्सेल समूहाने गोराईला ते सुरू केलं, आणि तेव्हापासून मुंबईत कुणाकडेही पाहुणे आले की राणीचा बाग, चौपाटी यांच्या जोडीला आणखी एक नाव आलं. ओव्हरटाइमचे पैसे तुम्ही पाकिटाच्या वेगळ्या कप्प्यात ठेवलेत. हात लावून बघा, आहेत.

आता चालायचं. नाहूरला अजून स्टेशन नाही. मुलुंड आणि भांडुप यांच्यामधून रूळ जातात, गाड्या जातात, थांबत नाहीत. भाची तुमच्या खांद्यावर, डब्याची पिशवी बायकोच्या हातात, पाण्याची बाटली ताईकडे, असे तुम्ही मुलुंड स्टेशन गाठता. खिडकीतून जाड पुठ्ठ्याची छोटी तिकिटं येतात. भाच्याचं अर्धं, भाचीचं नाहीच. भाचा तिकीट मुठीत घट्ट धरतो. पेपरवाल्यापुढे घोळका आहे. गुरुवारी शपथ घेतलेलं वाजपेयींचं सरकार लोकसभेत टिकणार का, यावर दोघंजण हुज्जत घालतायत. तुम्हाला उत्तर ठाऊक आहे, बोलू नका.

गाडी सुटल्यावर दोन मिनिटांत नाहूर येतं आणि न थांबता मागे पडतं. “मामा, आपलं घर गेलं!” भाची ओरडते आणि समोरच्या बाकावरच्या बाई हसतात.

या प्रवासाची गंमत नकाशा उघडल्यावर कळते. मुलुंड ते बोरिवली सरळ रेषेत जेमतेम 12-13 किलोमीटर. पण मध्ये नॅशनल पार्कचं जंगल आहे, डोंगर आहे, तुळशी आणि विहार तलाव आहेत. म्हणून पूर्व उपनगरातल्या माणसाने आधी दक्षिणेला दादरपर्यंत जायचं, पूल चढून पश्चिम रेल्वेवर यायचं आणि पुन्हा तितकंच उत्तरेला चढायचं. असे 45 किलोमीटरच्या आसपास होतात. दादरच्या पुलावर भाच्याला पुढे धरा, मागे नको; रविवार असला तरी दादर ते दादर.

बोरिवलीला पश्चिमेला उतरून बेस्टची बस, आणि बस संपते तिथे गोराईची खाडी. ओहोटी आहे. तिवरांची मुळं चिखलातून वर आलीत, बगळे एक एक पाय उचलून चाललेत, वाऱ्याला मासळीचा वास आहे. लाँचमध्ये पाय ठेवताना ताई तुमचं मनगट धरते. कोरेगावच्या मुलांनी खारं पाणी कधी पाहिलेलं नाही. भाचा कठड्यावरून वाकून हात बुडवतो, बोट चाटतो आणि तोंड वेडंवाकडं करतो. त्याला विचारलंत तर सहल इथेच पूर्ण झाली आहे.

पलीकडे सोन्याचा घुमट शोधू नका. ग्लोबल विपश्यना पॅगोडाचं लोकार्पण 2009 मध्ये व्हायचंय. वॉटर किंगडमही अजून नाही, ते 1998 मध्ये येईल. डबा उन्हं चढायच्या आत बाहेरच सावलीत खाऊन घ्या. मुलांची पोटं भरलेली असली की पुढचं सगळं सोपं जातं.

तिकीट खिडकीपाशी पाकिटाचा तो कप्पा रिकामा होतो. ताईला राहवत नाही.

“अरे, केवढे पैसे घालवतोस! एवढ्यात दोघांचे शाळेचे कपडे झाले असते.”

“ताई, आज राहू द्या,” बायको म्हणते. “उद्यापासून हिशेब आहेच.”

त्या खिडकीशी क्षणभर थांबा, कारण आजच्या दिवसाचं मर्म तिथे आहे. गावच्या जत्रेत प्रत्येक पाळण्याला वेगळे पैसे. मूल एकदा बसून उतरतं, दुसऱ्यांदा हात ओढतं, आणि तिसऱ्यांदा आईबाप म्हणतात, “पुरे आता.” कॅलिफोर्नियातल्या डिस्नेलँडमध्येही 1955 नंतर कित्येक वर्षं राइडगणिक तिकीट फाडून द्यायची वही असे, ती पद्धत 1982 मध्ये सुटली. इथे गोराईला दाराशी एकदाच मोजलंत की आतल्या बहुतेक पाळण्यांना पुन्हा खिशात हात घालावा लागत नाही. महिन्याच्या पगारात घर चालवणाऱ्या माणसाच्या तोंडी मुलांसाठी सगळ्यात जास्त वेळा येणारा शब्द ‘नाही’. बूट नाही, आइस्क्रीम नाही, सायकल पुढच्या वर्षी. आज दार ओलांडल्यापासून संध्याकाळपर्यंत तुम्हाला तो शब्द वापरायचा नाही.

मोठ्या पाळण्यांकडे बघून भाच्याचे डोळे विस्फारतात. रोलर कोस्टरचा डबा साखळीने कट्‌कट् करत चढ चढतो. माथ्यावर साखळी सुटली की पुढे इंजिन नाही, उतारच त्याला पळवतो. शेजारी उंचीची खूण आहे. भाचा ताठ उभा राहतो, टाचा हळूच उचलतो. रांगेवरचा मुलगा त्याच्या डोक्यावर तळहात ठेवून टाचा खाली आणतो. चार बोटं कमी. तुम्ही ‘नाही’ म्हटलेलं नाही, पण ते ऐकून त्याचे ओठ थरथरतात. समजावत बसू नका. छोट्या विमानांकडे न्या.

लहान मुलांची ही विमानं गोल फिरतात आणि आतली दांडी ओढली की वर जातात, सोडली की खाली येतात. भाची त्याच्यापुढे बसली आहे, त्याने दांडी छातीशी धरली आहे. पहिल्या फेरीत विमान घाबरत चढतं. दुसऱ्या फेरीत तो तुमच्या डोक्यावर आल्यावर मुद्दाम दांडी सोडतो आणि पुन्हा ओढतो. आयुष्यात पहिल्यांदा एवढी मोठी वस्तू त्याचं ऐकते आहे. उतरल्यावर तो विचारतो, “मामा, परत?” आणि तुम्ही म्हणता, “जा.” पुन्हा रांग, पुन्हा “परत?”, पुन्हा “जा.” थोड्या वेळाने तो विचारायचंच सोडून देतो, सरळ पळतो. शेवटी ताईही भाचीला मांडीवर घेऊन एका संथ पाळण्यात बसते. पदर खोचून, दांडा दोन्ही हातांनी धरून, मोठ्याने हसते. लग्नानंतर तिला असं हसताना तुम्ही बघितलेलं नाही.

परतीच्या लाँचवर दोघंही झोपतात. इथून तुम्ही तुमच्या काळात परत या.

आता नाहूरला स्टेशन आहे. गोरेगाव-मुलुंड जोडरस्त्याचं काम इथूनच जातं; 12.2 किलोमीटरच्या या रस्त्यावर जंगलाखालून प्रत्येकी 4.7 किलोमीटरचे दोन बोगदे व्हायचेत, आणि मग पश्चिमेला जायला दादरचा वळसा पडणार नाही. मात्र कोविडनंतर एस्सेल वर्ल्ड बंद पडलं. हौसेच्या सहली आता खोपोलीजवळच्या इमॅजिकाला जातात. पाच माणसांचं तिकीट काढायचं तर ओव्हरटाइमच्या एका कप्प्यात ते बसत नाही.

म्हणूनच नाहूरमध्ये महापालिकेने आखलेल्या पक्षी उद्यानाबद्दल मला मनापासून आशा वाटते. भायखळ्याच्या वीरमाता जिजाबाई भोसले उद्यानाचा विस्तार म्हणून ते होणार आहे. त्याच्या आराखड्यावर, पक्ष्यांवर, खर्चावर चर्चा होईल, व्हायलाही हवी. पण तिकिटाचा दर ठरेल त्या दिवशी नाहूर-भांडुपच्या रहिवाशांनी गप्प बसू नये. दाराशी एकदाच, परवडेल एवढं तिकीट, आणि आत लहान मुलांसाठी जे काही असेल त्याला वेगळा पैसा नाही, एवढी मागणी लावून धरावी. अख्खा दिवस मुलाला ‘जा’ म्हणता येणं, ही चैन पगारदार घरालाही मिळाली पाहिजे.