पदाचं नाव काय लिहिलंय? नागपूरची नर्स आणि परदेशचा कागद

आज एका शब्दापासून सुरुवात करू. फ्लेगेहेल्फेरिन. जीभ वळत नाही ना? मीही चार वेळा म्हणून पाहिला. जर्मन भाषेत याचा अर्थ नर्सच्या हाताखालची मदतनीस. आपल्याकडे जीएनएमची तीन किंवा बीएस्सी नर्सिंगची चार वर्षं पुरी केलेली, कौन्सिलकडे नाव नोंदवलेली, रीतसर नर्स झालेली मुलगी नागपूरहून जर्मनीत पोचते, तेव्हा तिच्या पहिल्या कंत्राटावर बऱ्याचदा हाच शब्द असतो. नर्स नाही. मदतनीस.

फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारने जर्मनीतल्या बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पाठवण्याचा करार केला. १०,००० जणांचं बोलणं झालं, त्यात नर्स होत्याच. तेव्हापासून माझ्या ओळखीतल्या तीन पोरी रात्रपाळी संपवून सकाळी डेअर, डी, डास घोकतायत. त्यातली एक माझी मावसबहीण. तिला एका एजन्सीने कंत्राट पाठवलं, तिने ते मला पाठवलं. म्हणे, "दादा, तू इतिहासवाला, तुला जुनी कागदपत्रं वाचायची सवय आहे, हे बघ." कंत्राट चांगलं चौदा पानांचं. मी पगाराचा आकडा सोडून आधी पदाचं नाव शोधलं. काहून, तर नर्सिंगच्या इतिहासात पगाराआधी पदाचं नाव ठरतं, आणि पुढचं बहुतेक सगळं त्यावरून ठरतं. आजचा भाग याच गोष्टीचा.

थोडं मागे जाऊ. १८८५. व्हाइसरॉयची बायको लेडी डफरिन एक निधी उभारते. हिंदुस्थानातल्या बायका पुरुष डॉक्टरसमोर येत नाहीत, म्हणून बायकांसाठी बाई डॉक्टर, बाई नर्स आणि शिकलेल्या सुइणी तयार करायच्या, असा त्यामागचा हेतू. या निधीतून देशभर डफरिन हॉस्पिटलं निघाली. नागपुरातही निघालं. त्याच सुमारास, १८९० मध्ये, डॉ. अॅग्नेस हेंडरसन ही स्कॉटिश मिशनची डॉक्टर नागपुरात आली आणि १८९६ मध्ये बायकांसाठी मूर मेमोरियल हॉस्पिटल उभं राहिलं. म्हणजे बघा, 'शिकून झालं की बोटीत बसून परदेशी जायचं आणि तिथल्या रोग्यांची सेवा करायची' ही वाट नागपूरला नवी नाही. फक्त तेव्हा परदेश म्हणजे नागपूर होतं आणि बोट इकडे येत होती.

पण इकडे येणारी बाई मदतनीस म्हणून येत नव्हती. त्या काळच्या दवाखान्यांची उतरंड साधारण ठरलेली होती. वर युरोपियन मेट्रन, मग युरोपियन किंवा अँग्लो-इंडियन सिस्टर, आणि खाली देशी नर्स, देशी दाई, आया. काम कोण किती करतं याचा त्या उतरंडीशी फारसा संबंध नव्हता. तुमचं सर्टिफिकेट कुठल्या गावचं, यावर खुर्ची ठरायची.

देशी मुली या कामात येतही नव्हत्या म्हणा. कशा येतील? परक्याचं मलमूत्र काढायचं, रात्री घराबाहेर राहायचं, कुठल्याही जातीच्या माणसाला हात लावायचा. सोवळ्याओवळ्याच्या घरांना हे झेपणारं नव्हतं. म्हणून सुरुवातीला आल्या त्या मिशनच्या शाळांतल्या ख्रिस्ती मुली, आणि ज्यांच्यासाठी घराचे बाकीचे दरवाजे बंद झाले होते अशा विधवा. पुण्यात रमाबाई रानड्यांच्या सेवासदनाने बायकांना ससूनमध्ये नर्सिंग शिकायला पाठवलं, ते याच सुमारास. आज केरळची नर्स जगभर दिसते आणि मराठी कमी दिसते, त्याची पहिली फांदी इथेच फुटलेली आहे असं मला वाटतं. केरळात ख्रिस्ती घरांची संख्या मोठी होती. आपल्याकडे ती वाट अरुंद राहिली.

आणि आता आपल्या नागपूरच्या बाई. कमलाताई होस्पेट. जन्म १८९६. लहान वयात लग्न, कोवळ्या वयातच वैधव्य. अशा मुलीने काय करायचं हे समाजाने ठरवून ठेवलेलं होतं. त्यांनी डफरिन हॉस्पिटलात नर्सिंगचं शिक्षण घेतलं. १९२१ मध्ये त्या आणि वेणूताई नेने, दोघी नर्स, मिळून सीताबर्डीला चार खाटांचं प्रसूतिगृह काढतात. नाव, मातृसेवा संघ. बर्डीच्या गर्दीतून जाताना आपण ती पाटी शंभरदा पाहिलेली असते. चार खाटा! मागे ना संस्थानिक, ना मिशन, ना सरकार. पुढे त्यातून विदर्भात ठिकठिकाणी प्रसूतिगृहं, मतिमंद मुलांसाठी नंदनवन, वृद्धांसाठी पंचवटी, समाजकार्याचं कॉलेज असा पसारा वाढला. १९६१ ला कमलाताईंना पद्मश्री मिळाली. १९८१ ला त्या गेल्या.

कमलाताईंची गोष्ट बहुतेक वेळा 'थोर समाजसेविका' या खात्यात सांगितली जाते. मला त्या खात्याचा जरा कंटाळा आहे. मला दिसतं ते असं: दुसऱ्याच्या उतरंडीत खालच्या पायरीवर उभी राहू शकली असती अशा एका नर्सने स्वतःचा दवाखाना काढला, आणि तिथे पदं कोणती, कोणाला कुठे उभं करायचं, हे ती स्वतः ठरवू लागली. परदेशी न जाता तिने तो प्रश्न सोडवला. अर्थात हे प्रत्येकीला जमणारं नाही. प्रत्येक नर्सने संस्था काढावी अशी अपेक्षा ठेवणंही बरोबर नाही.

बरं, कागदाकडे येऊ. स्वातंत्र्याच्या तोंडावर, १९४६ ला, भोर समितीचा अहवाल आला. ब्रिटिश हिंदुस्थानात तेव्हा नर्स होत्या जेमतेम ७,०००. म्हणजे ४३,००० माणसांमागे एक. आणि त्या ७,००० जणींचे कागदही एकसारखे नव्हते. प्रत्येक प्रांताचं रजिस्टर वेगळं, अभ्यास वेगळा, परीक्षा वेगळी. एका प्रांतातला कागद दुसऱ्या प्रांतात चालेलच असं नाही. नागपूर तेव्हा मध्य प्रांत आणि वऱ्हाडची राजधानी होतं. इथल्या नर्ससाठी मुंबईसुद्धा कागदोपत्री परदेशच. १९४७ च्या इंडियन नर्सिंग कौन्सिल कायद्याचा उद्देशच मुळी देशभर शिक्षणाचा एकसारखा दर्जा आणणं हा होता. त्यात आपल्या गावाची गंमत वेगळी. १९५६ ला नागपूर मुंबई राज्यात आलं, १९६० ला महाराष्ट्रात. वॉर्डातून पाऊल बाहेर न टाकता नर्सचं राज्य दोनदा बदललं. नोंदणीचे कायदे एकत्र करणारा महाराष्ट्र नर्सेस अॅक्ट आला तो १९६६ मध्ये.

म्हणजे 'तुमचं शिक्षण आम्ही मानत नाही' हे वाक्य जर्मनीने शोधून काढलेलं नाही.

आता ब्रिटन. हा भाग नीट ऐका, कारण माझ्या मते सगळ्यात महाग पडलेली चूक इथली आहे. १९४३ च्या कायद्याने ब्रिटनने नर्सचे दोन प्रकार केले. तीन वर्षं शिकलेली ती स्टेट रजिस्टर्ड नर्स. दोन वर्षं शिकलेली ती स्टेट एनरोल्ड नर्स. ऐकायला जवळजवळ सारखंच. १९४८ ला तिथली सरकारी आरोग्यसेवा, एनएचएस, सुरू झाली, नर्स कमी पडू लागल्या, आणि मग वेस्ट इंडीज, आफ्रिका, आशियातून मुली बोलावल्या गेल्या. 'नर्सिंग शिका, पगारही मिळेल' असं आमंत्रण. त्यातल्या कितीतरी जणींना तीन वर्षांच्या कोर्सची पात्रता असूनही दोन वर्षांच्या कोर्सला बसवलं गेलं. फरक कोणी समजावून सांगितला नाही. एनरोल्ड नर्सला वरची पदं जवळपास बंद, पगार कमी. आणि मायदेशी परतल्यावर कळायचं की बऱ्याच देशांत हा कागद नर्सचा म्हणून धरतच नाहीत. तरुणपण तिकडे गेलं आणि हातात आलेला कागद ना इकडचा ना तिकडचा. पुढे ब्रिटनने ते एनरोल्डचं शिक्षणच बंद केलं. कागद मात्र ज्यांच्याकडे होते त्यांच्याकडेच राहिले.

एक शब्द. रजिस्टर्डच्या जागी एनरोल्ड.

आपल्याकडच्या सरकारी दवाखान्यातही हे शब्दांचं प्रकरण किती खोल आहे बघा. अधिपरिचारिका, परिसेविका, अधिसेविका. बाहेरच्या माणसाला सगळ्या 'सिस्टर'. पण मेडिकलमध्ये किंवा मेयोत ड्युटी करणाऱ्या बाईला विचारा, अधिपरिचारिकेपासून परिसेविकेपर्यंत जायला किती वर्षं गेली. केंद्राने २०१६ मध्ये स्टाफ नर्सचं नाव नर्सिंग ऑफिसर केलं, तेव्हा बाहेरचे हसले. आतल्या हसल्या नाहीत.

आजच्या जर्मनीत काय होतं? तिथलं खातं तुमचा इथला अभ्यासक्रम तासातासाने तपासतं. कुठल्या विषयाचे किती तास, वॉर्डात किती, आयसीयूत किती, वृद्धांच्या सेवेत किती. मग एक पत्र येतं, की अमुक गोष्टी कमी आहेत. ती कमी भरून काढायला दोन वाटा: ज्ञानाची परीक्षा द्या किंवा ठरावीक काळाचं जुळवणीचं प्रशिक्षण घ्या. जर्मन भाषा साधारण बी टू पातळीची लागते. हे सगळं होईपर्यंत तुम्ही फ्लेगेहेल्फेरिन, आणि पगारही त्या पायरीचा. ब्रिटनमध्येही ओस्की परीक्षा पास होईपर्यंत खालच्या बँडवर ठेवतात, मग बँड पाच. म्हणजे खालची पायरी ही आता उघड सांगितलेली गोष्ट आहे. प्रश्न इतकाच की त्या पायरीवर किती महिने, परीक्षेची फी आणि वेळ कोण देणार, नापास झालं तर काय, आणि मधेच सोडलं तर किती पैसे परत मागणार. माझ्या मावसबहिणीच्या चौदा पानांत शेवटचा आकडा अकराव्या पानावर होता. बाकीच्या तीन प्रश्नांची उत्तरं नव्हतीच. तिने ती लेखी मागितली आहेत. इथल्या कॉलेजकडून तासांचा तपशील असलेलं ट्रान्सक्रिप्टही सही-शिक्क्यानिशी आताच काढून घेतलं, कारण तिकडे गेल्यावर ते काढणं म्हणजे दिव्य.

आखाताबद्दल एकच सांगतो. २०१५ मध्ये कुवेतच्या नर्सभरतीत एका एजन्सीने कायद्याने १९,५०० रुपये घ्यायचे तिथे साडेएकोणीस लाख घेतल्याचं प्रकरण केरळात उघडकीला आलं. त्याच वर्षी केंद्राने आखातासह १८ देशांत नर्स पाठवायचं काम सरकारी भरती संस्थांकडे दिलं. तेव्हा कोणी लाखांची गोष्ट काढली की तिथेच उठा.

परत जर्मनी. कारण तिथे हे सगळं एकदा होऊन गेलंय. १९६० च्या दशकात कॅथलिक चर्चच्या ओळखीने केरळच्या तरुण मुली तिकडे गेल्या. १९६६ पासून दहा वर्षांत दक्षिण कोरियातून १०,००० च्या वर नर्स आणि मदतनीस गेल्या. त्यांना बसलेला पहिला धक्का कामाचा होता. शिकलेल्या नर्स, इंजेक्शन-सलाइनची तयारी करून गेलेल्या, आणि हातात आलं ते म्हाताऱ्यांना आंघोळ घालणं, भरवणं, कपडे बदलणं, अंथरूण करणं. अपमान करायचा म्हणून नव्हे, तिकडे ते नर्सचंच काम. आपल्या मेडिकलमध्ये बघा, रोग्याला पुसणं, भरवणं हे कोण करतं? छिंदवाड्याहून, बालाघाटहून, गडचिरोलीहून आलेले नातेवाईक. व्हरांड्यात चटई टाकून, डबा उशाशी घेऊन पडलेले. आपली नर्स ज्या वॉर्डात घडते त्या वॉर्डात आई, मावशी, भाऊ हजर असतात. जर्मनीच्या वॉर्डात नसतात. त्यांच्या वाटचंही काम नर्सच्या अंगावर येतं, आणि हे कुठल्याही कंत्राटात लिहिलेलं नसतं.

१९७३ ला तेलाचं संकट आलं आणि पश्चिम जर्मनीने परदेशी कामगारांची भरती थांबवली. पुढच्या वर्षांत काही ठिकाणी कोरियन नर्सचे, केरळच्या नर्सचेही परवाने वाढवायला नकार मिळू लागला. गरज संपली, आता जा. केरळच्या बऱ्याच जणी परत आल्या किंवा दुसऱ्या देशात गेल्या. कोरियन नर्सनी मात्र १९७७-७८ मध्ये सह्यांची मोहीम काढली. ड्युटी संपवून रस्त्यावर उभ्या राहिल्या आणि ज्यांची शुश्रूषा केली त्याच लोकांकडून सह्या घेतल्या. तुम्हाला गरज होती म्हणून आलो, आम्ही माल नाही, पाहिजे तेव्हा आणला आणि नको तेव्हा परत केला असं चालणार नाही, हा त्यांचा मुद्दा. हजारो सह्या जमल्या. १९७८ मध्ये ठरावीक वर्षं काम केलेल्या नर्सना तिथे कायम राहण्याचा हक्क मिळाला. त्यातल्या अनेकजणी आज सत्तरीपुढे आहेत, तिथेच.