मेवास
मेवास : खानदेशच्या वायव्य कोपऱ्यातील, तापी व नर्मदा यांच्या दरम्यानचा डोंगराळ प्रदेश व त्यातील सहा जुन्या जहागिरी. सातपुड्याची पश्चिमेकडील टोके येथे तापीच्या सखल मैदानाला येऊन भिडतात. अक्कलकुवा सोडल्यावर देवगोईचा घाट चढून मोलगीच्या माथ्यावर गेले की, काळ्या जमिनीचा खानदेश मागे राहतो आणि उतारावरची बारकी शेते, विखुरलेले पाडे व खोल दऱ्या यांचा मुलूख सुरू होतो. पूर्वेस याला लागून अक्राणीचे पठार असून अस्तंभा (१,३२५ मी.) हे या भागातील ठळक शिखर होय. उदई ही नदी उत्तरेस नर्मदेकडे वाहते. वस्ती मुख्यतः भिल्ल व पावरा यांची. मोह, चारोळी व आंबा ही झाडे येथील शेतकऱ्याला शेताइतकीच उपयोगी पडतात.

‘मेवास’ हा शब्द गुजरातेतील मही नदीच्या खोऱ्यातील वस्तीवरून आला, असे सामान्यतः मानतात. पुढे, सरकारी अंमल सहजी न मानणारा कोणताही डोंगराळ मुलूख या नावाने ओळखला जाऊ लागला. तेव्हा हे नाव प्रदेशाचे जितके आहे, तितकेच ते मैदानातील राज्यकर्त्यांच्या नाराजीचेही आहे.

काठी, नाल, सिंगपूर व नवलपूर येथील पाडवी, गव्हाळीचे वळवी आणि चिखलीचे वसावा हे येथील सहा प्रमुख. पाडवी, वळवी व वसावा ही नावे सरकारी कागदात पदव्यांसारखी येत असली, तरी ती मुळात कुळांची असून आज त्या भागातील असंख्य सामान्य कुटुंबांची आडनावे आहेत. प्रमुख आणि रयत यांच्यात फार मोठे अंतर नव्हते, हे यावरून दिसते.

१८१८ मध्ये खानदेश इंग्रजांकडे आला. डोंगरातील भिल्लांचा बंदोबस्त केवळ फौजेने होत नाही, हे ध्यानात आल्यावर १८२५ मध्ये आउट्रमच्या हाताखाली भिल्ल पलटण उभारण्यात आली. मेवासी प्रमुखांबाबत मात्र निराळी वाट धरली गेली. १८४६ च्या अकराव्या कायद्याने त्यांची गावे सर्वसाधारण कायद्यांतून वगळून कलेक्टरच्या एजंट या नात्याने चालणाऱ्या देखरेखीखाली ठेवली. १८७४ च्या अनुसूचित जिल्हे कायद्यात हे सहाही प्रमुख नावानिशी नमूद आहेत. १९३६ च्या हुकुमाने ही गावे अंशतः वगळलेल्या क्षेत्रात आली आणि १९५० मध्ये तीच यादी स्वतंत्र भारताच्या अनुसूचित क्षेत्रात जवळजवळ शब्दशः उतरली. ब्रह्मदेशातील शान टेकड्यांतही इंग्रजांनी स्थानिक सॉब्वांकरवीच कारभार चालविला होता. परंतु ते खरोखरीचे संस्थानिक होते. मेवासी प्रमुख संस्थानिकही नव्हते आणि साधे जमीनदारही नव्हते. या अधांतरी स्थितीचा लाभ प्रमुखांना काही काळ झाला. रयतेच्या वाट्याला मात्र ती फारशी हिताची आली नाही, असेच म्हणावे लागते. कारण ज्या कायद्यांनी मैदानातील कुळाला जमिनीवर हक्क मिळत गेला, ते येथे आपोआप लागू होत नव्हते.

शान सॉब्वांनी १९५९ मध्ये आपले अधिकार सोडले. त्यानंतर दोनच वर्षांनी, १९६१ च्या पश्चिम खानदेश मेवासी जहागिरी (मालकी हक्क निर्मूलन) विनियमाने येथील मालकी हक्कही संपुष्टात आणले. त्याआधी १९६० मध्ये, राज्य पुनर्रचनेच्या वेळी, अक्कलकुवा, तळोदे, नंदुरबार व नवापूर या तालुक्यांतील काही गावे गुजरातकडे गेली. उरलेला भाग धुळे जिल्ह्यात राहिला व १ जुलै १९९८ पासून तो नंदुरबार जिल्ह्यात मोडतो. नर्मदाकाठच्या मणिबेलीसारख्या गावांना सरदार सरोवराच्या पाण्यामुळे मूळ जागा सोडावी लागली. अक्राणी व अक्कलकुवा तालुक्यांतील अशा बाधित गावांची संख्या ३३ आहे.

काठीची होळी ‘राजवाडी होळी’ म्हणून प्रसिद्ध आहे. तिच्यासाठी जंगलातून उंच बांबू आणतात. तो उभा करण्यासाठी खड्डा हातांनी खणतात आणि होळी पहाटे पेटवितात. मोरपिसांचे टोप व कमरेला घुंगरू बांधलेले नर्तक रात्रभर नाचतात. जहागीर गेल्यानंतरही या होळीचा मान काठीच्या घराण्याकडेच राहिला. सरकारदरबारी जुने नाव टिकले ते वनखात्यात : तळोद्याचा वनविभाग ‘मेवासी वनविभाग’ म्हणूनच ओळखला जातो.