कोणाचो रे तू?

मालवण तालुक्यांतील कट्टा गांवीं अनोळखी पोरास नांव विचारण्याआधीं 'कोणाचो रे तू?' असें विचारतात. वाडी व घर सांगितलें कीं झालें.

१८५४ सालीं मुंबईंत पहिल्या कापडगिरणीची मुहूर्तमेढ रोवली गेली; पुढील पिढ्यांत कोंकणचे तरुण बोटीनें तिकडे गेले. गिरणगांवांतील गांवकऱ्यांच्या सामाईक खोलींत वाडी मागें पडून गांव पुढें आला. साच्यावर तोहि गळून माणूस नुसता 'कोंकणी' उरला. सुटींत घरीं यावें, तों आपलींच माणसें त्यास 'चाकरमानी' म्हणूं लागलीं! हें नांव मला सर्वांत जिव्हारीं लागणारें वाटतें.

शहरांत दबकत बोलली जाणारी त्याची मालवणी बोली १९८० सालीं गंगाराम गवाणकरांच्या 'वस्त्रहरण' नाटकानें व्यावसायिक रंगभूमीवर गाजविली, आणि तीच त्याची ओळख झाली. सरकारनें रत्नागिरींतून सिंधुदुर्ग जिल्हा वेगळा काढला तो त्यानंतर, १ मे १९८१ रोजीं.