सर्पगंधेची साक्ष

“झाडपाल्याचे औषध, गुण आला नाही तरी अपाय नाही,” हे वाक्य आपण सर्वांनी घरी ऐकलेले आहे. त्याची पारख एका मुळीच्या इतिहासावरून करू.

सर्पगंधेची मुळी झोपेसाठी व वेडाच्या झटक्यावर आपल्या देशात पिढ्यानपिढ्या दिली जात असे. बिहारात तिला ‘पागल की दवा’ म्हणत. १९३१ साली कलकत्त्याचे गणनाथ सेन व कार्तिकचंद्र बोस यांनी लिहिले की, हिने रोगी शांत होतो आणि रक्तदाबही उतरतो. त्याच सुमारास दिल्लीस सलीमुज्जमान सिद्दिकी यांनी तिच्यातील द्रव्ये वेगळी काढली. एकास हकीम अजमलखानांच्या नावावरून ‘अजमलीन’ म्हटले. १९४९ साली मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनी ५० रोग्यांवरील अनुभव इंग्लंडमधील हृदयरोगाच्या नियतकालिकात प्रसिद्ध केला आणि पाश्चात्त्यांचे लक्ष इकडे वळले. १९५२ साली स्वित्झर्लंडच्या सीबा कंपनीत मुळीतून रेसर्पीन निघाले. त्याच्या गोळ्या जगभर गेल्या.

गोळ्या मोजून दिल्या गेल्या, नोंदी राहिल्या, तेव्हा दुसरी बाजू दिसली. झोपेच्या गोळीबरोबर किंवा दारूबरोबर गुंगी वाढे. रक्तदाबाच्या अन्य औषधाबरोबर दाब प्रमाणाबाहेर उतरे. हृदयासाठी डिजिटॅलिस घेणाऱ्याच्या नाडीचा ताल बिघडण्याचा धोका असे. काहींच्या मनाला उदासीनतेने घेरल्याच्याही नोंदी झाल्या. हे दोष गोळीने नव्याने आणले काय? नव्हे. रेसर्पीन मुळीतही होतेच. फक्त तेथे त्याचे माप कोणी ठेवले नव्हते. मुळीमुळीत ते कमीअधिक असते, ही आणखी एक अडचण.

आज डॉक्टर रेसर्पीन क्वचितच देतात. पण सर्पगंधेची वटी बाजारात मिळते. रात्रपाळीच्या कामगारांत माझे आयुष्य गेले. आमचा एक सोबती झोपेसाठी अशी वटी घेई आणि डॉक्टरांची रक्तदाबाची गोळीही घेई. एके पहाटे उठताच डोळ्यांपुढे अंधारी येऊन तो कोसळला. वैद्यांना गोळी ठाऊक नव्हती, डॉक्टरांना वटी ठाऊक नव्हती. “ते काय औषध आहे, सांगायला?” असे तो मला म्हणाला.

त्याचे हे म्हणणेच धोक्याचे आहे. मुळीला गुण आहे असे मानता, तर तिला दोषही असणार, हे मानलेच पाहिजे. वैद्य असो वा डॉक्टर, त्यांच्यापुढे आपली पुडी, वटी, गोळी सारे मांडा. त्यांना विचारल्यावाचून नवे काही सुरू करू नका. चालू औषध एकाएकी सोडूही नका.